ॲन्सेल्मचा हात

"पोरगी कालपासून धड जेवली नाय. पीएचडी सोडते म्हणते," हरिश्चंद्रने केळीच्या वाडीकडे बोट दाखवलं. "तुम्हीच समजवा. बापाचं कोण ऐकतं?"

ॲन्सेल्म पापडीच्या चर्चमधला रविवारचा मिस्सा आटोपून थेट उमेळ्याला हरिश्चंद्रच्या घरी आला होता. समजवायला नव्हे, स्वतःची चूक सांगायला.

मुंबईतल्या प्रयोगशाळेत तो एकतीस वर्षं टेक्निशियन. हरिश्चंद्रच्या कृतिकाने तिथे एक चिप बनवली होती. तिच्यातली वाट इतकी अरुंद, की इलेक्ट्रॉनांनी जणू रांगेनेच जावं. ही वाट हळूहळू रुंद करत नेली की तिच्यातून वाहणारी वीज सलग वाढत नाही, सारख्या उंचीच्या पायऱ्यांनी वाढते. त्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून पोरगी आठ महिने राबली. चिपला केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडायचं काम ॲन्सेल्मचं. त्याच्या हाताला प्रयोगशाळेत तोड नव्हती, आणि हे त्यालाही जरा जास्तच ठाऊक होतं.

शुक्रवारी पायऱ्या आल्याच नाहीत. चिप जळली होती. माणसाच्या अंगातल्या स्थिर विजेचा एवढासा चटकाही तिला पुरतो, म्हणून हात लावण्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा असतो. पीएचडीच्या गाईड सरांनी सगळ्यांदेखत कृतिकाला झापलं. ॲन्सेल्म चुकेल हे कुणाच्या मनातही आलं नाही. तो मात्र मिठाची गुळणी धरून उभा राहिला.

वाडीत कृतिका पाण्याच्या पाटाच्या कडेला बसली होती. "अंकल, मी पट्टा बांधलेला हो, हंड्रेड पर्सेंट. पण सर इतकं बोलले ना, आता मला माझाच भरवसा नाय."

हे त्याच्या काळजात घुसलं.

"तू बांधला होतास, पोरी. मी नाय बांधला. शेवटची तार राहिलेली. म्हटलं, इतक्या वर्षांत काय झालंय?"

ती त्याच्याकडे वळली. "मग दोन दिवस गप्प का राहिलात?"

"लाज वाटली. दोन महिन्यांनी रिटायर होतोय. चांगलं नाव घेऊन जायचं होतं."

'असू दे' असं ती म्हणाली नाही. त्यानेही ती अपेक्षा धरली नाही.

सोमवारी त्याने सरांना सगळ्यांदेखत सांगितलं.

महिन्याभराने नवी चिप तयार झाली. कृतिका ती घेऊन आली. "अंकल, ह्या वेळी तारा मी जोडते. तुम्ही बाजूला बसा. चुकले तर सांगा."

ॲन्सेल्म उठला. सूक्ष्मदर्शकापुढची आपली खुर्ची त्याने तिच्या उंचीला लावून दिली आणि स्टूल ओढून शेजारी बसला. तिच्या तीन तारा तुटल्या. त्याचे हात शिवशिवत होते. ते मांडीखाली दाबून तो बसून राहिला.