काथवट कोणाची?

कारिना माझ्या दारात आली तेव्हा तिच्या एका हातात वेलदोडा घातलेल्या गोड पावाची वेणी होती आणि दुसऱ्या हातात कंपनीचं पाकीट.

"कॉफी घेशील?"

"नको हो बाई, उगाच तुम्हाला त्रास."

"अर्धा कप?"

"राहू द्या."

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा "तुम्ही स्वतःसाठी करणारच असाल तर..." असं म्हणत ती बसली. फिनलंडहून येऊन इथं वसलेल्या आमच्या घरांत हे असंच चालतं. पहिल्या खेपेला हो म्हणणारा माणूस हावरा.

तिसरीत मी तिची शिक्षिका होते. उत्तरं सगळी यायची, पण वर्षभरात एकदाही तिनं हात वर केला नाही. आता ती बावन्न वर्षांची आहे आणि मी शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी मला 'बाई'च म्हणते.

"मला बेकरीतून काढलं," ती म्हणाली. बाहेर बर्फ पडतोय, हे सांगावं तशा आवाजात.

आमच्या गावातली बेकरी म्हाताऱ्या टॉइव्होनं शहरातल्या एका कंपनीला विकली होती. आता मळलेली कणीक गोठवून ट्रकमधून येणार होती, म्हणून कणीक मळणारी कारिना नको होती.

"पण चांगले आहेत हो ते. सोळा आठवड्यांचा पगार देतायत. निरोपाला केक आणला होता. मी तिथंच सही करणार होते, पण चष्मा घरी राहिलेला. कंपनीचा नवा व्यवस्थापक आहे ना, डेव्हन, तो म्हणाला, घरी नेऊन वाचा, उद्या आणा. बाई, तुम्ही एकदा नजर टाका फक्त. एवढं देतायत, आणि वर मी त्यांचा कागद चिवडत बसू?"

मी खणातून लाकडी पट्टी काढली आणि तिच्यापुढं ठेवली.

"ही कशाला?"

"ओळीखाली धरायला. मोठ्यानं वाच."

"बाई, मी काय लहान आहे?"

"लहान असतीस तर बोट चाललं असतं. मोठ्या माणसांना घाई फार."

ती हसली आणि वाचू लागली. मुलांना मी धडा शिकवताना तीन प्रश्न विचारायला लावायचे: कोण देतं, कोण घेतं, कशाच्या बदल्यात? तेच तिला विचारत गेले.

पहिल्या कलमात तिनं केलेल्या कामाचा पगार आणि उरलेल्या रजेचे पैसे होते.

"हे सही केल्यावर मिळणार?"

तिनं पट्टी परत वर सरकवली. "नाही. हे असंही मिळणार. माझंच आहे."

"आणि सोळा आठवडे?"

"ते बक्षीस."

"वाच की पुढं."

"'या रकमेच्या बदल्यात कर्मचारी कंपनीवर दावा करण्याचा हक्क सोडून देत आहे.'" ती थांबली. चुलीवर किटली वाजायला लागली, मी उतरवली. तोवर तिनं पट्टी त्याच ओळीखाली पुन्हा एकदा फिरवली.

"मग बक्षीस का?"

"नाही. सौदा."

"वाईट सौदा?"

"मला कुठं दावा करायचाय? मला कुणी छळलं नाही, पगार बुडवला नाही. चांगला सौदा आहे. पण सौदा आहे."

"मग सौद्यात एकच बाजू बोलते का?"

तिनं पट्टी खाली सरकवली. पुढं कंपनीबद्दल वाईट बोलायचं नाही, असं कलम होतं. त्यावर मी म्हटलं, "हे तुला जड जाणार नाही. तू तर कुणाबद्दल चांगलंही बोलत नाहीस." त्याच्या खालीच लिहिलं होतं की विचार करायला तीन आठवडे आहेत, वकिलाला दाखवून घ्यावं, आणि सही केल्यावरही एक आठवडा ती मागं घेता येते.

"मग डेव्हन उद्या का म्हणाला?"

"विचारलंस?"

"असं विचारतात होय?"

सहाव्या कलमावर पट्टी अडली. 'कामाच्या जागी वापरात असलेली सर्व साधनं, कृती, पीठ आणि विरजणं कंपनीच्या मालकीची असून कर्मचारी ती अन्यत्र कुठेही वापरणार नाही.'

कारिना ते दोनदा वाचून म्हणाली, "बाई, यात काथवट येते?"

ती खोल लाकडी काथवट तिच्या आजीनं फिनलंडहून बोटीतून आणलेली. तिच्यात राय धान्याच्या काळ्या पावाची कणीक मळतात, आणि मळून झाली की काथवट कधीही धुवायची नाही. कडांना वाळून चिकटलेलं पीठच पुढच्या खेपेचं विरजण. कोमट पाणी घातलं की ते जागं होतं. पूर्वी घरोघरी अशा काथवटी होत्या. बाहेरून आलेल्या एका सुनेनं हौसेनं सासरची काथवट घासूनपुसून लख्ख केली, तर सासरे आठवडाभर जेवले नाहीत म्हणे. आता त्या अंगणात फुलझाडं लावायला वापरतात, माझ्या सासूबाईंचीही. जिवंत राहिली ती कारिनाची एकटी. टॉइव्होचं विरजण मेलं तेव्हा त्यानं ती मागितली आणि कारिनानं ती बेकरीत नेऊन ठेवली, ती तिथंच राहिली. नोकरी गेल्यावर घरी पाव भाजून विकायचा, एवढाच तिच्यापुढं रस्ता होता.

"येत असेल तर गेली मग," ती म्हणाली. "एवढे पैसे देतायत."

"हात वर कर."

"अं?"

"ज्या ओळीशी अडलं तिथं हात वर करायचा. तिसरीत सांगितलं होतं."

"तिसरीत मी कधी केला नाही."

"माहीत आहे. तेव्हापासून वाट बघतेय."

तिनं हात वर केला. कानापर्यंतच, पण केला.

महिन्यातून एका गुरुवारी आमच्या वाचनालयात एक वकीलबाई फुकट सल्ला द्यायला बसतात. दुसऱ्या दिवशी सही न देता कारिना त्या गुरुवारपर्यंत थांबली. त्यांनी कागद वाचून सांगितलं की बाकी सगळं रास्त आहे; ही एक ओळ बदलून मागा, आणि बदलल्याशिवाय सही करू नका. कारिनानं त्यांना गोड पाव दिला. त्यांनी तो पहिल्याच खेपेला घेतला आणि कारिनाला ते फार आवडलं.

बेकरीत डेव्हनकडं जाताना तिनं मला सोबत नेलं. "बोलू नका हं बाई. नुसत्या बसा."

डेव्हन शहरातला, तिच्या मुलाच्या वयाचा. त्यानं आल्या आल्या विचारलं, "कॉफी?"

"नको," कारिना म्हणाली.

"बरं." त्यानं भांडं परत ठेवून दिलं. पुन्हा विचारलंच नाही. ती त्या भांड्याकडं बघत राहिली.

मग तिनं पिशवीतून कागद काढला, सहाव्या कलमावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ती लाकडी काथवट माझी आहे. माझ्या आजीची. तिच्यातलं विरजणही."

"कोणती? ती मागच्या फळीवरची, कळकट?" डेव्हन कानापर्यंत लाल झाला. "शुक्रवारी वाफेनं सफाई करणारे येतायत. मी ती धुऊन टाकून द्यायला सांगितलीय."

कारिना उभी राहिली. "धुऊन?"

तिचा एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. पुढं दुकानात पाव घ्यायला आलेले दोघं आत डोकावून गेले.

"नाही, नाही! कुणी हात लावणार नाही," डेव्हन म्हणाला. "अहो, ही ओळ सगळ्यांच्याच कागदात असते. तुमचं काही आहे इथं, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"आणि उद्याच आणा का म्हणालात? तीन आठवडे लिहिलेत यात."

"तुम्ही तर उभ्या उभ्या सही करायला निघाला होतात! मला वाटलं, घाई तुम्हालाच आहे."

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मला हसू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं.

"ओळ बदलून मागवतो," तो म्हणाला. "आणखी काही?"

कारिना खाली बसली. "हो. ती कॉफी द्या आता."

आठवड्याभरात नवा कागद आला. आजीकडून आलेली लाकडी काथवट आणि तिच्यातलं विरजण कारिनाच्या मालकीचं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. वकीलबाईंना दाखवून तिनं चष्मा लावून सही केली. डेव्हननं स्वतःचा कोट काढला, त्यात ती काथवट गुंडाळली आणि बाळाला घेऊन यावं तशी गाडीपर्यंत आणली. कोटाला पीठ लागलं. "हा तरी धुवायचा ना?" त्यानं भीतभीत विचारलं.

घरच्या भट्टीतला पहिला पाव तिनं त्याला नेऊन दिला. दुसरा वकीलबाईंना. तिसरा घेऊन ती माझ्या दारात आली, अजून गरम, फडक्यात बांधलेला. मी तो हातात घेतला आणि फडक्यासकट नाकाशी धरला. सासूबाई गेल्यापासून हा वास या घरात आला नव्हता.

"कॉफी घेशील?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "आणि दूध जरा जास्त."