उजेडातले दोन तास

सहा महिन्यांत पाऊण नंबर वाढला होता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी जुना कागद पुन्हा पाहिला आणि मुंगीला परत यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच आलं. दोन्ही डोळ्यांना उणे सव्वातीन.

मुंगी नऊ वर्षांची. बारीकसारीक सगळं टिपते म्हणून बापानं ठेवलेलं हे नाव. तिची आई घरी शिवणकाम करते. आकडा ऐकून आईनं तो पुन्हा विचारून घेतला. तिच्या स्वतःच्या वडिलांचा नंबर असाच चढत उणे बारावर गेला होता आणि पन्नाशीत त्यांच्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला. शेवटची वर्षं ते दाराची चौकट चाचपत वावरले.

नंबर वाढू नये म्हणून मागच्या वेळी जे सांगितलं होतं, ते बाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. थेंब? रोज झोपताना, एकही दिवस चुकवला नाही, असं आईनं सांगितलं. मोबाइल? तो बापाच्या खिशाबाहेर येतच नाही. आणि रोज उघड्यावर दोन तास? आईनं पिशवीतून कागद काढला. शाळेतून आल्यावर मुंगी रोज गच्चीवर जायची आणि आई त्या दिवसापुढे शिवणाच्या निळ्या खडूनं रेघ ओढायची. कागद दोन्ही बाजूंनी निळा झाला होता.

बाईंनी मुंगीला विचारलं, "गच्चीवर करतेस काय?"

मुंगीनं आईकडे पाहिलं. "टिकल्या लावते झग्यांना. आणि सुया ओवून ठेवते. आईला दिसत नाही ना."

आई घाईघाईनं सांगू लागली. चाळिशी उलटल्यापासून सुईचं भोक पुसट झालंय. चष्मा लावला की गिऱ्हाईक म्हणणार, हिलाच दिसत नाही, ही काय शिवणार. गच्चीवर उजेड चांगला, पोरीचा हात सफाईचा, म्हणून दोघी तिथंच बसायच्या.

बाईंनी सुई मागितली. आईच्या खांद्यावर, कापडात खोचलेली एक कायम असायचीच. मुंगीनं चष्मा कपाळावर सरकवला, सुई नाकापाशी धरली आणि एका झटक्यात दोरा ओवला. मग शाबासकीसाठी दोघींकडे पाहिलं. बाईंनी तिला हात तसाच ठेवायला सांगून नाक आणि सुई यांच्यामध्ये आपली बोटं आडवी धरली. चार मावली.

"उजेड तर होता ना, बाई," आई हळूच म्हणाली.

"उजेड होता. नजर कुठं होती?"

आईनं निळ्या रेघांचा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. बाईंचा आवाज मऊ झाला. नंबर या जवळून बघण्यामुळेच वाढला असं आपण छातीठोक सांगणार नाही, घराण्यातही आहे, असं त्या म्हणाल्या. तो थांबेल असंही वचन नाही. वेग मात्र कमी करता येतो. त्यांनी थेंबांची मात्रा वाढवली, मुंगीच्या नव्या काचा लिहून दिल्या आणि दुसऱ्या कागदावर आईसाठी जवळचा चष्मा.

"परत सहा महिन्यांनी. तोवर तुमच्या सुया तुम्ही ओवायच्या."

संध्याकाळी बाप माल पोचवणारी गाडी लावून घरी आला. आता या घरात बिनचष्म्याचा मी एकटाच, मला वाळीत टाकू नका, म्हणाला. मग त्यानं कागदावरचा आकडा वाचला आणि हात धुवायला गेला तो बराच वेळ नळापाशीच राहिला.

आठवड्यानं दोन्ही चष्मे आले. त्या दिवशी आईनं मुंगीच्या हातात चेंडू दिला आणि तिला खालच्या मैदानावर धाडलं. स्वतः नवा चष्मा लावून मशीनपाशी बसली. झगा दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि निम्म्या टिकल्या बाकी होत्या. पाचव्या खेपेला दोरा ओवला गेला.

वीस मिनिटांत मुंगी परत दारात. "मला खेळायला घेत नाहीत. चेंडू सुटतो माझ्याकडून." तिचं लक्ष आईच्या मांडीवरल्या झग्याकडे गेलं. "आई, थोड्या टिकल्या लावू?"

आईनं घड्याळ पाहिलं. एक तास चाळीस मिनिटं उरली होती. तिनं झगा बाजूला ठेवला, सुई खांद्यावर खोचली आणि चपला घातल्या.

मैदानाच्या कडेला ती मुंगीपासून वीस पावलं मोजून लांब उभी राहिली. जवळचा चष्मा काढायचा राहून गेला होता, त्यामुळे समोरची पोर धुरकट दिसत होती. तिनं तो काढून कमरेला खोचला.

"माझ्याकडे बघ," ती ओरडली, आणि चेंडू फेकला.