काटकसर समितीचं टेबल

मी सरकारी इमारतीतला कंत्राटी सुतार. काटकसरीच्या चळवळीचा बिल्ला छातीवर मिरवत सभांना मीच जायचो. सरकार उधळं आहे, तूट भरून काढा, जुन्या वळणाची माणसं निवडून द्या, असं घसा बसेपर्यंत ओरडायचो. बायको म्हणायची, "घसा जप. मतं पडली की तुला कोण विचारतंय?" मी तिला वेड्यात काढायचो.

आमची माणसं निवडून आली आणि काटकसर समिती नेमली गेली. समितीला खोली हवी म्हणून तळमजल्यावरचं पाळणाघर बंद केलं. तिथे बायको मुलं सांभाळायची. "तूट भरली की खोली परत," असं अध्यक्ष म्हणाले. मुलांच्या बुटक्या खुर्च्या बायकोनं घरी आणून रचल्या, तेव्हापासून आम्ही घरात अंग चोरून, तिरके चालतो.

समितीत आधी मोजकी माणसं होती. मग उपसमिती आली, सल्लागार आले, सल्लागारांचे मेहुणे आले. दर वेळी मला निरोप, टेबल वाढवा. उधळपट्टी भलतीच लपून बसली असणार, शोधायला एवढी माणसं लागतात, असं मी आधी हसत म्हणायचो. आता हसू येत नाही, चीड येते.

काल टेबल पार भिंतीपर्यंत न्यायचं होतं. निघताना बायको म्हणाली, "बोल्ट लावू का, विचार त्यांना. हो म्हणाले तर मानेन की ते जाणार आहेत."

मी विचारलं. "साहेब, एवढं टेबल दारातून निघणार नाही. बोल्टनं जोडतो, काम संपलं की सुटं करता येईल."

"बोल्ट कशाला? सरस लावून पक्कं करा."

"आणि काम संपल्यावर?"

"कसलं काम?" अध्यक्षांनी खरंच विचारलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "सुतार किती लागतात, तेही बघायचंय आम्हाला."

मी सरस लावला. शेवटची फळी दाबून बसवली, तेव्हा मी खिडकीकडच्या बाजूला अडकलो होतो. टेबलाखालून, साहेबांच्या बुटांमधून रांगत बाहेर आलो. कुणी पाय बाजूला घेतले नाहीत.

घरी बुटक्या खुर्चीवर बसलो, गुडघे हनुवटीला टेकले. बायकोनं विचारलं, "काय म्हणाले?"

एकाच्या पगारावर घर चाललंय. खरं सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन भांडली असती.

"बोल्ट लावलेत," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. चळवळीबद्दलचं माझं बोलणं तिनं पहिल्यांदाच खरं मानलं. मग फडकं ओलं करून आणलं आणि ती एकेक खुर्ची पुसायला बसली.