मिटलेल्या पापण्या

औषध न दिलेल्या गर्भाची पापणी उघडी होती, औषध दिलेल्याची मिटलेली. दोन्ही फोटोंखाली वय मात्र एकच लिहिलं होतं: सोळा दिवस.

आमचा शोधनिबंध पापण्यांबद्दल नव्हता, हाडांबद्दल होता. ठिसूळ हाडांचा आजार असलेल्या उंदरांच्या गाभण माद्यांना आम्ही एक जुनं औषध दिलं होतं. त्यांच्या पोटातल्या गर्भांची हाडं लवकर तयार होत होती, निदान आम्ही तसं लिहिलं होतं. मी त्या गर्भांच्या पायांतली हाड घडवणारी जनुकं किती जागी आहेत ते मोजलं होतं. औषधवाल्या गटात ती जास्त जागी निघाली. सगळे खूश झाले, मीही.

मी फोटो मोठा केला. उघड्या पापणीच्या गर्भात नाळेपाशी आतड्याचा बारीक फुगवटा होता आणि बोटं फाकलेली होती. दुसऱ्यात आतडं पोटात गेलेलं, बोटं एकमेकांना समांतर. औषध हाडावर चालत असेल, पण त्यानं आतडं कशाला आत ओढावं? पापणी कशाला मिटावी? हे सगळं आपोआप करणारी एकच गोष्ट मला माहीत होती. वय.

मग मी इतर फोटो उघडले. सगळ्यांत तेच.

औषध न दिलेला गट तन्वीचा होता. आमच्याकडे येऊन तिला वर्ष व्हायचं होतं. हुशार, जरा घाईची. मला पहिल्यांदा वाटलं, निकाल ठळक दिसावा म्हणून हिनं मुद्दाम लहान गर्भ निवडले. दोन दिवस मी तिच्या टेबलाजवळून उगाचच जात राहिले. ती स्क्रीन बंद करायची तेव्हा मला ते लपवल्यासारखं वाटायचं. एकदा डोकावून पाहिलं तर ती ऑनलाइन चपला बघत होती.

शेवटी कँटीनमध्ये तीच समोर येऊन बसली.

"मॅम, चक्कर काय आहे? दोन दिवस झाले, तुम्ही माझ्यावर सीसीटीव्हीसारखी नजर ठेवून आहात."

"तन्वी, तुझे गर्भ किती दिवसांचे होते?"

"सोळा. लिहिलंय ना."

"कुठून मोजलेस?"

"प्लगच्या सकाळपासून. और क्या?"

संध्याकाळी नर-मादी एकत्र ठेवायचे आणि सकाळी मादीला मिलनाची खूण, म्हणजे प्लग, दिसतो का पाहायचं. सगळ्या लॅबमध्ये हीच पद्धत. त्या सकाळी गर्भ म्हणजे एकच पेशी असते.

"त्या सकाळी कितवा दिवस धरतेस?"

"पहिला," ती म्हणाली. "आधीच्या लॅबमध्ये आम्ही सुरुवातीचेच गर्भ बघायचो, दोन पेशी, चार पेशी. तिथे पहिलाच म्हणायचे." मग तिचा चमचा थांबला. "इथे शून्य धरतात?"

"समीर शून्य धरतो. मीही."

औषधाचा गट समीरचा होता. म्हणजे तन्वीचे गर्भ एक पूर्ण दिवस लहान. उंदराचं गर्भारपण जेमतेम वीस दिवसांचं. त्यात एका दिवसात पापण्या मिटतात, आणि कूर्चेचं हाडही होतं. मी मोजलेली जनुकं औषधानं जागी झालेली नव्हती. ते गर्भच फक्त एक दिवस मोठे होते.

"मॅम, मला कुणी विचारलंच नाही हो," तन्वी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला माझ्या दोन दिवसांची लाज वाटली.

पण संशय गेला नाही. त्यानं फक्त माणूस बदलला.

अच्युत सर आमचे प्रमुख, मूळचे नागपूरचे. दोन्ही गटांच्या नोंदी त्यांच्याच हाताखालून जायच्या. मी त्यांच्या खोलीत जाऊन एवढंच म्हणाले, "सर, गर्भांच्या वयाबद्दल बोलायचं होतं."

"बस ना, रसिका. तन्वीला काही बोलू नको, पोरगी नवीन आहे."

मी तन्वीचं नाव घेतलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, दिवस मोजायच्या दोन पद्धती आहेत हे कोणाला माहीत नाही? पुढच्या वेळी दोन्ही गट बरोबर करू. आता निबंध मंजूर व्हायला आलाय, कशाला ढवळतेस?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तुझ्या भाच्यासाठी तर ही चांगलीच बातमी आहे ना? तू तरी आशा मोडू नको."

भाच्याबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं. ते असं परत येईल असं वाटलं नव्हतं.

मंदार माझ्या दादाचा मुलगा, आठ वर्षांचा. त्यालाही तोच आजार. आमचं औषध बाजारात दुसऱ्या दुखण्यासाठी मिळतं, पण मूत्रपिंडांना जड जातं. डॉक्टर दादाला म्हणाले होते, "तुमच्या बहिणीची लॅब हो म्हणत असेल तर देऊन बघू." तेव्हापासून दादा दर रविवारी विचारायचा आणि मी म्हणायचे, "थांब, बघते."

त्या संध्याकाळी मी कोटऱ्याला घरी न जाता तुलसी नगरला दादाच्या सरकारी क्वार्टरवर गेले. मंदार दिवाणावर पाय लांब करून बसला होता. प्लास्टरवर मित्रांची नावं लिहिलेली.

"आत्या, तुझे उंदीर धावायला लागले का?"

"अरे, ते अजून जन्मलेलेच नव्हते."

"मग त्यांना औषध कोणी पाजलं?"

"त्यांच्या आईला पाजलं."

"हुशार आहेस," तो म्हणाला आणि हेमंतदादा हसला. सोनलवहिनी हसली नाही. चहाचा कप देताना ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. फ्रिजवर औषधाची नवी कोरी पाकिटं होती. त्यांनी आणूनही ठेवली होती.

"उद्यापासून सुरू करतोय," वहिनी म्हणाली. "तुम्ही काही बोलत नाही, म्हणजे हो असेल असं धरलं आम्ही."

"रसिका, आज तरी सांग," दादा म्हणाला. "सहा महिने बघतेच आहेस."

मी कप खाली ठेवला. सरांचा चष्मा पुसणारा रुमाल डोळ्यांसमोर आला. निबंधावर माझंही नाव होतं.

"द्यायचं नाही," मी म्हणाले. "आम्ही लहान गर्भांची मोठ्यांशी तुलना केली. औषधानं काही झालं, असं आम्ही दाखवलेलंच नाही. हे मी उद्या सरांना न विचारता जर्नलला लिहून कळवणार आहे. वहिनी, ती पाकिटं परत करा."