आत्याची साक्ष

पत्र आलं तेव्हा कंडक्टरबाई केंद्राच्या मोरीत वाकून जाळीत अडकलेले केस ओढून काढत होत्या. पोस्टमनने सही मागितली. हात ओले होते, म्हणून त्याने पाकीट त्यांच्या कोपराखाली सरकवलं आणि तो जिना उतरून गेलाही.

शहरात राहणाऱ्या आदिवासींसाठीचं हे केंद्र म्हणजे मोटारसायकलच्या गॅरेजवरच्या दोन खोल्या. नगरपालिकेने दिलेल्या. खाली कुणी गाडी रेस केली की वरच्या काचा थरथरायच्या, आणि फोनवर बोलणाऱ्याला "एक मिनिट हं, गाडी जाऊ दे" म्हणून थांबावं लागायचं. डोंगराकडून शहरात आलेली माणसं इथे यायची. बांधकामावरची, इस्पितळात लादी पुसणारी, रात्रपाळीचे वॉचमन. कुणाला अर्ज भरून हवा असायचा. कुणाला डॉक्टरकडे सोबत हवी असायची, आपली भाषा आणि डॉक्टरची भाषा दोन्ही येणारी. कुणाला काहीच नको असायचं, नुसतं आपल्या माणसांत तासभर बसायचं असायचं.

बाईंनी बावीस वर्षं शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडली होती. गुडघे बोलायला लागले तेव्हा नोकरी सोडली आणि सहा वर्षांपूर्वी हे केंद्र गळ्यात घेतलं. आवाज मात्र बसमधलाच राहिला. अर्जांच्या रांगेतही त्या "पुढे सरका, दार अडवू नका" असंच ओरडायच्या.

हात पुसून त्यांनी नगरपालिकेचं पाकीट फोडलं. केंद्रप्रमुख स्वतः आदिवासी असल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा खोल्यांचा ताबा परत घेण्यात येईल.

"मग दे की," प्लंबरकाका म्हणाले. ते डोंगराकडचेच, बाईंच्या वडिलांच्या ओळखीतले. मोरी तुंबली म्हणून आले होते आणि आल्यापासून चहा पीत बसले होते. मोरी बाईच साफ करत होत्या.

"नाहीये."

"काय नाहीये?"

"दाखला. माझा दाखलाच नाहीये, काका. नोकरी सरळ परीक्षा देऊन लागली, तेव्हा कुणी विचारला नाही. पुढे राहून गेलं."

काकांनी कप खाली ठेवला. "निम्म्या शहराचे दाखले तू काढून दिलेस, आणि तुझाच नाही?" आणि ते असे हसत सुटले की त्यांना ठसका लागला. बाईंनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, जरा जोरातच.

दुसऱ्या दिवशी त्या दाखल्याच्या कचेरीत गेल्या. सहा वर्षांत तिथली प्रत्येक खिडकी त्यांनी पालथी घातली होती, पण ती दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी उभं राहिल्यावर तीच खिडकी भलतीच उंच वाटली. पहिल्या दिवशी फोटोतली मागची भिंत पांढरी नाही म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी गावाचं नाव कॉम्प्युटरमध्ये सापडेना. शेवटी सापडलं, पण चुकीच्या स्पेलिंगने. कारकून म्हणाला, मग तुमचं गाव हे नसेलच.

"गाव तेच आहे हो. तुमच्या माणसाने टाइप करताना डुलकी काढलीय."

"तसं अर्जात लिहून द्या."

"डुलकी काढली असं?"

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. तरुण नव्हता, म्हातारा नव्हता, कशानेच हलणारा नव्हता. त्याने बाईंना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राग मानू नका, पण तुम्ही आदिवासी वाटत नाही."

"तुम्ही तरी कुठे काम करणारे वाटता?"

मागची रांग हसली. कारकून हसला नाही. त्याने अर्जावर लाल पेनाने एक ओळ लिहून कागद बाहेर सरकवला: वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील वडीलधाऱ्या व्यक्तीने समक्ष येऊन साक्ष द्यावी.

ती ओळ वाचून बाई तिथल्या बाकावर बसल्या. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. सख्खे काका नव्हतेच. वडिलांकडचं वडीलधारं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस रोज सकाळी दहा वाजता त्यांच्याच केंद्रात, खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसत होतं.

ती त्यांची आत्या. आणि आत्या त्यांच्याशी एकोणीस वर्षं बोलत नव्हती.

कारण एवढंच की बाईंनी लग्न बाहेर केलं. नवरा बेकरीत भट्टीवर काम करणारा, शांत, गहू-मैद्यापलीकडे कशातही न पडणारा माणूस. त्याच्याबद्दल तक्रार करायला बाईंनासुद्धा काही सापडायचं नाही. पण तो डोंगराकडचा नव्हता. आत्याने तेव्हा तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. मग आत्याचा मुलगा शहरात आला, पाठोपाठ आत्या आली. मुलगा-सून दिवसभर कामावर, घर चौथ्या मजल्यावर, शेजारीपाजारी दारं लावून बसणारे. आपली भाषा ऐकायला मिळेल अशी जागा एकच होती आणि ती नेमकी भाचीने चालवलेली. आत्याने त्यावर तोडगा काढला. ती यायची, बसायची, चहा प्यायची, सगळ्यांशी बोलायची, फक्त भाचीशी नाही. काही सांगायचं असलं तर आजूबाजूला असेल त्याला सांगायची.

"त्या बाईला म्हणावं, पंखा बंद कर. माझे खांदे धरलेत."

"आत्या, मी इथेच आहे. ऐकू येतंय मला."

"त्या बाईला म्हणावं, मी तिच्याशी बोलत नाहीये."

कुणी नसलं की आत्या भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायची.

बाईंनी काकांना मध्यस्थ केलं. आत्याच्या खुर्चीसमोर दोघं बसली. बाईंनी सांगायचं, काकांनी जसंच्या तसं पुढे म्हणायचं. दोघींमध्ये हातभर अंतर. काकांची मान नुसती इकडून तिकडे.

सगळं ऐकून आत्या म्हणाली, "तिला विचारा, आपल्या पायांनी बाहेर गेली, तेव्हा दाखला लागला होता का?"

"तिला सांगा, मी बाहेर गेले नाही, लग्न केलं!"

"तिला सांगा, एकच आहे."

"एक नाही!" बाई उठल्याच. खालच्या गॅरेजमधली ठोकाठोकीसुद्धा थांबली. "सहा वर्षं मी यांच्या गोळ्या आणतेय, यांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला सोबत मी गेले, यांच्या पेन्शनचा अर्ज चारदा मी भरला! तेव्हा मी बाहेरची नव्हते? केंद्र बंद झालं तर बसा चौथ्या मजल्यावर भिंतींशी बोलत!"

आत्या उठली, तिने चपला शोधल्या आणि ती जिना उतरली. एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत. बाईंना वाटलं, धावत जावं आणि हात धरावा. पण त्या गेल्या नाहीत. इतका राग आला होता की हात धरला असता तर मोडलाच असता.

त्यानंतर तीन दिवस आत्या आली नाही. चौथा दिवस मुदतीचा शेवटचा. नवरा सकाळी म्हणाला, "मी जाऊन पाया पडू का त्यांच्या?"

"तू गेलास तर आत्याबाई शहर सोडतील. डबा दे."

बाई कचेरीत निघाल्या, तिथल्या नगरपालिकेच्या खिडकीवर मुदत वाढवून मागायला. मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण हातावर हात धरून बसणं त्यांना येत नव्हतं. दारातून आत शिरल्या आणि थबकल्या. रांगेत सगळ्यात पुढे, हातात टोकन घट्ट धरून आत्या बसली होती. शेजारी काका. तिला दोन बस बदलून आणताना त्यांचा घाम निघाला होता.

"आत्या!"

आत्या काकांकडे वळली. "तिला सांगा, मी तिच्यासाठी आलेली नाही. खुर्चीसाठी आलेय."

टोकनचा नंबर लागला. कारकुनाने कागद पुढे ओढला. "आजी, या तुमच्या कोण?"

झालं, आत्याने सुरुवात केली ती पणजोबांपासून. त्यांना किती मुलं, कोण कुठल्या पाड्यावर गेलं, कोण कुणाला दिली, कुणाच्या वाटणीला कुठलं झाड आलं. मग थोरला भाऊ, त्याचं लग्न, त्याच्या तीन मुली. "त्यातली ही धाकटी. पायाळू जन्मली. तेव्हापासून सगळं उलटंच करतेय. दोन वर्षांची होईपर्यंत माती खायची. सात वर्षांची असताना माझी कोंबडी हिने—"

"आजी, नातं तेवढं सांगा."

"तेच सांगतेय. मध्ये बोलू नकोस."

कारकुनाने पेन ठेवलं. सहा वर्षांत तो कुणासमोर पेन ठेवताना बाईंनी पाहिला नव्हता. मग त्याचं लक्ष गेलं, की आजी बोलतेय भाचीबद्दल, पण भाचीकडे एकदाही बघत नाही. त्याचे डोळे बारीक झाले.

"तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही वाटतं?"

बाई उत्तर द्यायला पुढे सरकल्या.

"नाही," आत्या म्हणाली. "एकोणीस वर्षं."

"मग या तुमच्या नात्यातल्या, हे मी कसं मानायचं?"

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याला कुणी शाळेतच घातलं नव्हतं. "तू परक्या बाईशी एकोणीस वर्षं अबोला धरशील का रे? कशाला धरशील? एवढा दम कुणाला आहे? घरचं माणूस असल्याशिवाय माणूस इतकं रुसतं का?"

मागे रांगेतली एक बाई "खरंय हो" म्हणाली. कारकुनाने पेन उचललं आणि 'सख्खी आत्या' असं लिहिलं. बाई त्या दोन शब्दांकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्याला त्या वैताग समजत होत्या, त्याचा हा अर्थ त्यांना कधी सुचला नव्हता. आणि पाठोपाठ रागही आला, की हे आधी सांगायला काय झालं होतं!

"शेवटचा रकाना," कारकून म्हणाला. "स्वतःची भाषा येते का. एखादं वाक्य बोला."

बाईंचं डोकं रिकामं झालं. रोज वीस माणसांशी ज्या भाषेत बोलायचं, ती भाषा फर्माईश झाल्याबरोबर दडून बसली. शेवटी जे सुचलं ते बोलल्या: लहानपणी मी वडिलांबरोबर नदीवर जायचे.

"'जायचे' नाही गं," आत्या त्याच भाषेत म्हणाली. "'चढायचे'. आपली नदी घराच्या वरच्या अंगाला होती. खाली असली तर 'उतरायचे', वर असली तर 'चढायचे'. 'जायचे' शहरातले म्हणतात."

काकांनी तोंडावर हात ठेवला. आत्या सरळ बाईंकडे बघून बोलली होती.

"काय म्हणाल्या त्या?" कारकुनाने विचारलं.

"चूक काढली," बाई म्हणाल्या.

"म्हणजे भाषा येते की नाही?"

"येते," आत्या म्हणाली. "कच्ची आहे. पण आमचीच आहे. लिही."

त्याने लिहिलं. आत्याने अंगठा दिला. अर्जाच्या पोचपावतीवर शिक्का मारून घेऊन बाईंनी ती दाखल्याच्या जागी दोन खिडक्या पलीकडे नगरपालिकेच्या टपालात दिली, आणि त्यांनी ती चालवून घेतली. घेतील असं बाईंना शेवटच्या क्षणापर्यंत वाटलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये काका मागे बसले आणि लगेच झोपले. दोघींना शेजारी जागा मिळाली. बस सुटली तशी आत्या बोलायला लागली. एकोणीस वर्षांचं साठलेलं होतं. चहा पांचट करतेस. त्या गुडघ्यांना तेल लाव. सुनेला माझी भाजी तिखट लागते, तिला समजाव. तो भट्टीवाला बारीक दिसतो, खायला घालतेस की नाही? बाई "हो", "बरं", "बघते" म्हणत राहिल्या. चार थांब्यांतच त्यांचं डोकं भणाणलं.

मग आत्या मध्येच म्हणाली, "भाऊ गेला तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस."

बाई खिडकीकडे बघायच्या थांबल्या. "तू पाहिलंस?"

"पाहिलं. सगळी माणसं निघेपर्यंत उभी होतीस. आत का नाही आलीस?"

"तू बोलावलं नाहीस."

"मी कशी बोलावणार? मी बोलत नव्हते ना तुझ्याशी."

कंडक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. ओरडावं की रडावं, ते कळेना. समोर बसलेल्या माणसाने वळून पाहिलं. त्यांनी कपाळावरचा हात काढला आणि आत्याच्या मनगटावर ठेवला. मोडला नाही. आत्याने तो झटकलाही नाही. ती नुसती म्हणाली, "तुझे हात गार पडलेत. दम लागतो का जिना चढताना? खरं सांग." आणि उत्तराची वाट न बघता इस्पितळात कुठला डॉक्टर चांगला, ते सांगायला लागली.

दाखला महिन्याने आला. वडिलांच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. बाईंनी दुरुस्तीचा अर्ज काढला आणि खुर्ची ओढून आत्याच्या शेजारी बसल्या, कारण सोबत परत तिलाच न्यायचं होतं.