निरगुडीची छडी

चिंचवडच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत नव्या ड्रायव्हरला काय शिकवत, ते ज्योतीरामच्या गुडघ्याला विचारावं. शेजारच्या सीटवर मारुतराव उस्ताद बसायचे, हातात निरगुडीची छडी घेऊन. ज्योतीरामने न सांगता ब्रेक दाबला की छडी गुडघ्यावर.

"गाडी गिअरवर उतरवायची, ब्रेकवर न्हाई," उस्ताद म्हणायचे. "ब्रेक तापला का मेला. मी सांगंन तवाच पाय लावायचा."

मारुतराव चऱ्होलीचे. लढाईत ब्रह्मदेशात लष्कराच्या गाड्या चालवून आलेले. त्यांचं म्हणणं खरंच होतं; फक्त खरी गोष्ट मारल्याशिवाय डोक्यात शिरत नाही, असा तेव्हा सगळ्यांचाच समज होता. कंपनीला तर हे शिक्षण फार पसंत होतं. तिला त्यात काहीच करावं लागत नव्हतं.

ज्योतीराम करमाळ्याकडचा. कायम झाला की बायकोला, यशोदाला, चिंचवडला आणणार होता. ती गावी जावांची बोलणी खात दिवस काढत होती. आणि 'गडी तयार झाला' असं उस्तादांनी ऑफिसात सांगितल्याशिवाय कुणी कायम होत नव्हतं. म्हणून तो मार खायचा आणि संध्याकाळी उस्तादांच्या पाया पडून खोलीवर जायचा. उस्ताद म्हणजे गुरू. त्यांच्यापुढे बोलायचं नाही, ते झोपले तर गाडीचं दारसुद्धा आपटायचं नाही, ही सगळ्याच ड्रायव्हरांची रीत होती.

सुरुवातीला त्याला चाकणचा कांदा मिळाला. चाकणहून भरायचा, पुण्याला उतरवायचा. कांदा गरीब माल. मोशीच्या उताराला गाडी जरा धावली तरी ऐकायची. पण नव्या माणसाला त्या सुखात फार दिवस ठेवत नसत. जुने ड्रायव्हर ज्या मालाला नाक मुरडत, तो त्याच्या माथी मारत. एके दिवशी मालोजी मुकादमाने गाडीत ओतीव लोखंड भरलं, मुंबईच्या बंदरासाठी.

ज्योतीरामने दोरखंड ओढून पाहिला. "मालोजीराव, एवढ्यानं माल धरंल का?"

"उस्ताद हायेत की संगं," मालोजी म्हणाला आणि निघून गेला.

मारुतराव गाडीत चढले. "आज घाट नीट उतरलास का मी ऑफिसात सांगतो," ते म्हणाले. ज्योतीरामला तेवढं पुरलं. यशोदासाठी खोली कुठं बघायची, हे त्याने देहूरोडपर्यंत ठरवूनही टाकलं.

एक ड्रायव्हर आजारी होता, म्हणून त्याच्या खेपाही उस्तादांच्याच गळ्यात पडल्या होत्या. लोणावळ्याला भाकरी खाल्ली आणि खंडाळ्याच्या आत त्यांची मान छातीवर पडली. छडी मांडीवर तशीच. घाटाच्या तोंडाशी गिअर खाली घ्यायचा असतो, हे ज्योतीरामला पाठ होतं. पण आजवर तो त्यांनी सांगितल्यावरच घेतला होता. तो एकदा खोकला. उस्ताद हलले नाहीत. त्यांच्या खांद्याला हात लावावा असं मनात आलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली. आता उठतील, म्हणून तो थांबला.

उतार लागला आणि लोखंडाने गाडी पुढे ढकलली. आता गिअर घालायला गेला तर दाते नुसते करकरले आणि गाडी मोकळी सुटली. पाय ब्रेककडे गेला, पण गुडघा आपोआप आखडला. छडी तर कुणी उचललीही नव्हती. त्या करकरीने मारुतरावांनी डोळे उघडले आणि समोर पाहिलं.

"लाव," ते म्हणाले.

त्याने लावला. ब्रेकने जरा धरलं, मग जळका वास आला, मग पाय नुसताच खाली गेला. दरीपेक्षा डोंगर बरा, हेही उस्तादांनीच शिकवलं होतं. त्याने गाडी डोंगराला घातली. गाडी थांबली, पण लोखंड थांबलं नाही. ते डाव्या अंगाने केबिनमध्ये आलं.

मारुतरावांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, त्याला एवढंच विचारलं, "झोपेतच गेले का रं?"

"व्हय, काकू," ज्योतीराम म्हणाला. दुसरं काय सांगणार होता तो?

त्याचा डावा पाय कायमचा अधू झाला. क्लच दाबता येईना. पण शिकवायला क्लच लागत नाही, म्हणून कंपनीने त्याला मारुतरावांच्या जागी घेतलं. यशोदा चिंचवडला आली. जशी हवी होती तशीच खोली मिळाली, आणि त्या खोलीत तो कधी धड झोपला नाही. मोडक्या गाडीतून निघालेलं सामान मालोजीने त्याच्या हवाली केलं. त्यात छडीही होती.

पहिला नवा ड्रायव्हर आला सोनबा, मोशीचा. त्याला आधी कांद्यावर ठेवला, मग लोखंड भरलं. निघताना ज्योतीराम म्हणाला, "घाटात माझा डोळा लागला तर मला हलवून उठव."

सोनबा ओशाळला. "आसं काय म्हंताय, उस्ताद. तुमास्नी हात कसा लावायचा?"

"मग ही घे." ज्योतीरामने छडी त्याच्यापुढे धरली. "माझ्या गुडघ्यावर मार. आन् ब्रेकला मला न इचारता पाय लाव."

"व्हय, उस्ताद."

सोनबाने छडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि काचेजवळच्या देवाच्या तसबिरीशेजारी नीट उभी करून ठेवली. मग इंजिन सुरू केलं आणि गाडी कधी काढायची, ते उस्ताद सांगतील म्हणून वाट बघत बसला.