खांबातली चरचर

हेडफोन कानांवर चढवले आणि शामरावांनी भर गल्लीत डोळे मिटून घेतले. समोर लोखंडी खांबाला तांब्याच्या तारेचं वेटोळं टेकवून ज्ञानदा उभी होती.

शेजारच्या घरातली ही मुलगी बडोद्याहून कला शिकून आली होती, ती एक खूळ घेऊनच. तारा, मोबाइल, इन्व्हर्टर यांच्याभोवती हवेत विजेचं जे न दिसणारं चाललेलं असतं, ते त्या वेटोळ्यात धरायचं, त्याचा आवाज करायचा आणि त्या आवाजावर दिवे नाचवायचे. रविवारी बूढापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या आपल्याच गल्लीत तिचा कार्यक्रम होता. शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीतली साहेब मंडळी बघायला येणार होती.

शामराव चौतीस वर्षं वीज खात्यात लाइनमन होते. ट्रान्सफॉर्मरला लाकडी काठी टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचे आणि बिघाड कुठे आहे ते सांगायचे. साहेब त्यांच्यासाठी जीप पाठवत. निवृत्तीनंतर त्या कानाला कुत्रंही विचारत नव्हतं. ज्ञानदा मात्र महिनाभर त्यांना शहरभर घेऊन हिंडली आणि म्हातारा दहा वर्षांनी लहान झाला.

या खांबापाशी नेहमीच्या गुणगुणीत चरचर मिसळली होती. त्यांनी टेस्टर लावला, तो मिणमिणला. गेल्या गणपतीत मांडवाच्या रोषणाईसाठी ओढलेली वायर कुणी उतरवलीच नव्हती. ती अजून चालूच होती आणि वर खांबाला घासून उघडी पडली होती. पक्कड आणली तर पाच मिनिटांचं काम.

"करंट उतरून राहिला बेटा, खांबात," ते म्हणाले.

"काका, पूरे शहर में असा आवाज नाही भेटला. रविवारपर्यंत राहू द्या न."

रेकॉर्ड करून ठेव, असं त्यांनी सुचवून पाहिलं. त्यात जीव येत नाही, लोकांनी थेट खांबातूनच ऐकायला हवं, असं तिचं म्हणणं. मग तिने पिशवीतून पत्रिका काढली. तिच्या नावाखाली 'आवाजांचा शोध' म्हणून शामरावांचं नाव छापलेलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

तो बुधवार होता. मार्चची कोरडी हवा, कोरडी जमीन. फार तर हाताला झिणझिण्या येतील, असा विचार करून त्यांनी मनाची समजूत घातली. खांबाखाली नत्थूची इस्त्रीची गाडी असे. दोन-चार दिवस खांबाला हात लावू नकोस, एवढंच त्याला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नत्थूने गल्ली गोळा केली असती आणि वायर त्याच संध्याकाळी खाली आली असती. नत्थूने हसून मान हलवली आणि तो विसरून गेला.

शनिवारी सकाळी अवकाळी सर आली. इस्त्री केलेले कपडे भिजू नयेत म्हणून नत्थू घाईघाईने ताडपत्रीची दोरी खांबाला बांधायला गेला. त्याचे पाय अनवाणी होते. शामराव पोचले तोवर लोकांनी बांबूने त्याला खांबापासून सोडवलं होतं, पण जीव गेला होता.

वायर कापली गेली, कार्यक्रम रद्द झाला, ज्ञानदा दार लावून बसली. मांडवाची वायर म्हणजे साऱ्या गल्लीची, आणि गल्लीची म्हणजे कुणाचीच नाही. पोलिसांनी अपघात लिहून घेतला.

तिसऱ्या दिवशी शामराव नत्थूच्या घरी जाऊन बसले. गल्लीतले दिवाकर मास्तर गहिवरून म्हणाले, "शामराव, तुम्ही एकदा त्या खांबाले कान लावला असता, तर हा पोट्टा वाचला असता. तुम्हाले कळल्याशिवाय राहिलं नसतं."

खाली मान घालून बसता आलं असतं. ज्ञानदा कधी बोलणार नव्हती. दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. शामरावांना आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"कळलं होतं," ते म्हणाले. "बुधवारीच कळलं होतं मले. वायर तशीच राहू दिली. कार्यक्रमासाठी."

भिंतीशी बसलेली नत्थूची बायको गोदू त्यांच्याकडे बघत होती. मग उठली, आत गेली आणि गाठोड्यातून एक पांढरा सदरा घेऊन आली.

"तुमचा आहे," ती म्हणाली. "रविवारले घालायचा म्हणून तुम्हीच देऊन गेलते. त्यानं शनिवारी सगळ्यात पहिले हाच इस्त्री केला, म्हणून गठ्ठ्यात खाली राहिला."

शामरावांनी दोन्ही हात पुढे केले. तिने सदरा त्यांच्या हातांवर ठेवला. कुठे पाण्याचा एक थेंब लागलेला नव्हता.